धारण तलावातली तिवरं काढा, या पत्रावर सही करू की नको? नेरुळ

गुलमोहोर_नेरुळ

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, पण धागा पहिल्यांदाच काढतेय, कारण रविवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

आमची सोसायटी नेरुळला, पाम बीच रस्त्याच्या आतल्या अंगाला. मागच्या भिंतीपलीकडे धारण तलाव, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवायचा तलाव. १९९८ साली राहायला आलो तेव्हा तिथे मोकळं पाणी दिसायचं. आता गॅलरीतून तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडीच दिसते, एवढी दाट की मधे पाणी आहे हे आवाजावरून कळतं.

परवाच्या आषाढी अमावस्येला, रविवारी रात्री, आमच्या तळमजल्याच्या चारही घरांत गुडघाभर पाणी शिरलं. एका घरात ८४ वर्षांच्या आजी आहेत. रात्री साडेबाराला आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं. खुर्चीची एक बाजू माझ्या हातात होती. वर आल्यावर त्या एकच विचारत होत्या, "माझी पोथी कुठंय?" पोथी भिजली होती.

आता सोसायटीने पत्र तयार केलंय. मजकूर असा: तलावातील सर्व झाडी समूळ काढून तलाव पूर्ववत खोल करावा. ६४ पैकी ५१ घरांच्या सह्या झाल्या, माझी राहिली. माझ्या मुलीने दहावीत याच झाडीवर प्रकल्प केला होता. तिवरं किनारा धरून ठेवतात, त्यांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, हे मी तिच्यासोबत बसून पाठ केलंय. पण त्या रात्रीची आजींची ओली साडीही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

वडापाव_सेक्टर१५

डोळे मिटून सही. आधी माणसं.

निवांत_ऐरोली

सही करू नका. तिवरं तोडणं गुन्हा आहे. उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तोडीवर बंदी घातली, २०१८ च्या निकालात तर खारफुटी नष्ट करणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलंय. त्यामुळे असं पत्र पाठवलंत तरी पुढे सरकणार नाही.

तळमजला

मी याच भागातला, दुसऱ्या सोसायटीत. नावाप्रमाणेच तळमजल्यावर राहतो. ऐरोलीकर, कायदा मान्य. पण एक सांगतो, मनापासून. गेल्या सहा वर्षांत तीनदा घरात पाणी आलं. फ्रिज दोनदा गेला. यंदा वर्षाचा तांदूळ भरून ठेवला होता, खालची दोन पोती भिजली आणि तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. मुलाच्या वह्या, बायकोच्या शिलाई मशीनची मोटर. नुकसानीचा अर्ज घेऊन तीन खिडक्या फिरलो, चौथीवर कळलं की मुदत संपली.

पक्षी बघायला लांबून लोक येतात, फोटो काढतात, संध्याकाळी आपापल्या कोरड्या घरी जातात. राग नाही त्यांच्यावर. पण झाडांची बाजू मांडताना आमचं घर पण त्याच चित्रात काढा, एवढंच म्हणणं आहे.

गुलमोहोर_नेरुळ

तळमजला दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हेच मला टोचतंय.

जुना_ओव्हरसियर

मुली, सही करण्याआधी हा तलाव चालतो कसा ते समजून घे. ३१ वर्षं नाले आणि गटारं याच कामात काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या कडेच्या खाजणावर आणि भातखाचरांवर भराव घालून उभा आहे. शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली. शहर आखताना मुख्य अडचण ही होती की जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. सगळीकडे दोन-तीन पुरुष भराव घालायचा तर डोंगरच्या डोंगर लागले असते. म्हणून डच लोकांची युक्ती घेतली, धारण तलाव. शहराचं पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात, तलावातून खाडीत. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये बांध, बांधाला झडपा. झडप म्हणजे लोखंडी दार, वरच्या बिजागरीवर टांगलेलं, फक्त खाडीकडे उघडणारं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून रेटतं, दार बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. मोटर नाही, माणूस नाही. चंद्र चालवतो.

आता गणित. झडप बंद असते त्या चार-पाच तासांत पडलेला पाऊस तलावाने पोटात धरायचा. एक चौरस किलोमीटर वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होतं. आणि एक हेक्टर तलावात एक मीटर गाळ साचला तर १ कोटी लिटरची जागा गेली, म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर. ते पाणी मग नाल्यातून उलटं येतं आणि सगळ्यात खालच्या घरात शिरतं.

म्हणजे तुमचा तलाव खोल करायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. प्रश्न वेगळाच आहे. तिवराला भरतीचं खारं पाणी लागतं. तलावात रोज भरती शिरणं अपेक्षितच नाही, मग एवढी तिवरं वाढली कशी? माझा अंदाज, झडप बिघडलेली आहे. रोज दोन वेळा खाडी आत येते, चिखल आणते, बी आणते. तिवरं काढून गाळ उपसला आणि झडप तशीच राहिली तर काही वर्षांत हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

शनिवारी षष्ठी. भरतीच्या आधी तासभर बांधावर जाऊन बघ, पाणी आत येतंय का. एवढं कर आणि मग सही करायची की नाही ते ठरव.

वडापाव_सेक्टर१५

काका, माझी मिटलेल्या डोळ्यांची सही मागे घेतो. "चंद्र चालवतो" हे भारी. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पण त्याच्याकडे सोपवा.

दिवाळेकरीण

ओव्हरसियर काका, ही युक्ती डच लोकांची म्हणता, पण ती आमच्याकडे आधीपासून होती हो. माझं माहेर करावे गावातलं, सासर दिवाळ्याला. आजोबांची खाडीला लागून भातशेती होती. खाडी आणि खाचर यांच्यामध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. आमच्यात उघारी म्हणतात. लाकडाचं दार, भरतीला मिटायचं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी सोडायचं. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की ते शेत पुढची दोन-तीन वर्षं वाया, म्हणून उघारीवर सगळ्या गावाचा जीव. उधाणाच्या रात्री बाप्ये कंदील घेऊन बांधावर झोपायचे. बांधाला चिंबोरीने भोक पाडलं की त्यातून आधी बोटभर पाणी येतं, तासाभरात हातभर, आणि सकाळी बांध वाहून गेलेला. ते भोक शोधायला आजी अनवाणी चालायची. थंड चिखल पायाला कुठे लागतो त्यावरून तिला कळायचं.

बांध कुणा एकट्याचा नसायचा. फुटला की घरटी एक माणूस आणि एक घमेलं. जमिनी गेल्या, बांध गेला, तशी ती राखणही गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या पाठी उभं राहून आमचे पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. त्यावर मी वेगळं लिहीन. इथे एवढंच विचारते, तुमच्या त्या लोखंडी झडपेवर आता रात्री कोण झोपतं?

पारसिकपार

दिवाळेकरीण ताई, काय लिहिलंय! शेवटच्या ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक भर घालतो. गाळ फक्त खाडीतून येत नाही. मी पारसिकच्या पायथ्याशी वाढलो. पूर्वी उतारावर करवंद, काटेसावर, पळस, खाली दाट गवत. पहिल्या पावसात ओढ्याला लालसर पाणी यायचं, पण आठवड्याभरात निवळायचं. नंतर डोंगराला खाणी लागल्या, उतार कापून रस्ते झाले, वस्ती वर सरकली. आता ओढा सप्टेंबरपर्यंत चहाच्या रंगाचा वाहतो. ती माती जाते कुठे? नाल्यात, तिथून तलावात. वर इमारतींचा राडारोडा रात्री गाड्या भरभरून नाल्याकाठी ओतला जातो. मी स्वतः दोनदा गाडीचा नंबर घेऊन तक्रार केली, एकदा दंड झाला. तर तुमच्या तलावातल्या गाळात आमच्या डोंगराचाही वाटा आहे.

टाचणी

जीवशास्त्र शिकवते, म्हणून तिवराबद्दल थोडं.

तिवर ज्या चिखलात उभं असतं त्यात बोटभर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून त्याची श्वसनमुळं जमिनीतून पेन्सिलींसारखी वर येतात. पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. आत घेतलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. उन्हात पानावर मिठाचे बारीक कण चमकतात, मुलांना भिंगातून दाखवते तेव्हा वर्ग शांत होतो. मुळांच्या जाळीत भरतीचं पाणी मंदावतं, पाण्यातला चिखल खाली बसतो. खाडीच्या कडेला हाच गुण किनारा वाचवतो. पावसाचं पाणी धरायच्या तलावात तोच गुण जागा खातो. झाड तेच, काम तेच.

पानं गळतात, कुजतात, ते खाऊन कोळंबीची पिल्लं वाढतात. खेकडे बिळं करतात त्यामुळे चिखलाला हवा मिळते. खेकडे गेले तर झाड गुदमरतं, झाड गेलं तर खेकड्यांचं खाणं जातं. २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष जाहीर केलं. फुलं रात्री उमलतात, कधी संध्याकाळी खाडीवर गेलात तर बघा.

निवांत_ऐरोली

आणि फ्लेमिंगो! त्यांना विसरू नका. ठाणे खाडीत २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २०१९ च्या मोजणीत मुंबई परिसरात लाखावर फ्लेमिंगो होते. खाडी किती निरोगी आहे याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

टाचणी

ऐरोलीकर, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. रोहित पक्षी माझ्याही जीवाभावाचे आहेत, दर फेब्रुवारीत वर्गाला घेऊन ऐरोलीच्या बोटीतून जाते. पण त्यांचं येणं म्हणजे खाडी स्वच्छ असल्याची खूण नव्हे. आपल्याकडे जास्त संख्येने येतो तो लहान रोहित. तो चोच उलटी करून पाण्यातलं नीलहरित शेवाळ गाळून खातो, त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. हे शेवाळ फोफावतं नत्र आणि स्फुरद भरपूर असलेल्या पाण्यात, आणि आपल्या खाडीत ते येतं मुख्यतः सांडपाण्यातून. १९९० च्या दशकात ते शिवडीला दिसू लागले आणि पुढे वाढत गेले, तो काळ शहरं फुगण्याचाही आहे.

म्हणजे आपल्या न्हाणीघरांवर त्यांची पंगत उठते. हे मी वाईट म्हणून सांगत नाही, चांगलं म्हणूनही नाही. सांडपाणी आणखी वाढलं, त्यात रसायनं आली, तर हेच ताट विषारी होईल. मुलांना मी सांगते, पक्षी आले म्हणून टाळ्या वाजवा, आणि ते काय खातात तेही विचारा.

दिवाळेकरीण

टाचणी बाई, अगदी खरं. खाडी निरोगी की आजारी ते मासळीला विचारा. सासरे सांगायचे, त्यांच्या तरुणपणी या खाडीत जिताडा माणसाच्या मांडीएवढा मिळायचा. कालवं खडकावरून काढून तिथेच फोडून खायचे. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले आणि बोईटाला रॉकेलचा वास मारायला लागला. बाजारात गिऱ्हाईक मासा नाकाला लावून परत ठेवायचं. आईने टोपली तशीच परत आणलेली मी पाहिलीय. आता जाळ्यात अर्धं प्लास्टिक. एक दिवस मी मोजलं, एका खेपेला बावीस दुधाच्या पिशव्या.

तरी निवटी मासळी आहे अजून. ती चिखलात टिकते, चिवट आहे.

वडापाव_सेक्टर१५

ताई, निवट्यांचं नाव काढलंत तर पाककृती द्याच.

दिवाळेकरीण

जिवंतच घ्यायच्या. मीठ आणि राख लावून खरखरीत भांड्यात चोळायच्या, बुळबुळीतपणा गेला पाहिजे, नाहीतर सगळं वाया. ठेचलेला लसूण तेलात, आगरी मसाला, हळद, थोडं पाणी, आणि आंबटाला कैरी. कैरी नसेल तर चिंच. खोबरं घालू नका, निवटीची चव दबते. तांदळाच्या भाकरीबरोबर. चिंबोरी घ्यायची असेल तर अवसेकडची घ्या, भरलेली असते असं आमच्याकडे म्हणतात.

पारसिकपार

श्रावणात हा धागा उघडणाऱ्यांच्या भावनांचा विचार व्हावा. माझी सासूबाई शेजारी बसून वाचतेय.

वडापाव_सेक्टर१५

पौर्णिमेनंतर सांगा म्हणावं, मी उपास सोडतोय.

येऊरवाट

ठाण्यातून नमस्कार. पूर्ण धागा वाचला. आमच्याकडे हीच गोष्ट जंगलाच्या बाजूने घडते.

वर्तकनगरपासून येऊरच्या फाट्यापर्यंत रोज सकाळी चालतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर, त्याच्या पोटात विहार आणि तुळशी तलाव. विहार १८६० साली मुंबईच्या पाण्यासाठी बांधला, आणि त्या तलावांचं पाणलोट म्हणून ते रान राखलं गेलं. पाण्यासाठी जंगल उरलं, जंगलामुळे बिबट्या उरला. त्या बिबट्याला आम्ही पोसतो तो कचऱ्याने. कचऱ्याच्या ढिगावर भटकी कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या. २०१८ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला की इथले बिबटे वर्षाला दीडेक हजार कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या, रेबीजच्या घटना काही प्रमाणात कमी राहतात. आमच्या सोसायटीत "बिबट्याला पकडून न्या" असं पत्र निघालं होतं, अगदी तुमच्या पत्रासारखं. येऊरच्या पाड्यावरचे एक वारली आजोबा, ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं भाजी घेतो, ते म्हणाले, "वाघ हलवाल, मग त्याच्या जागी दुसरा येईल. तो नवा असेल, त्याला तुमच्या वाटा ठाऊक नसतील." आम्ही कचराकुंडी फाटकाच्या आत घेतली आणि झाकण बसवलं. दोन महिन्यांत कुत्री कमी झाली, बिबट्याचं दिसणंही कमी झालं. जवळजवळ याच कारणासाठी तुमच्या ओव्हरसियर काकांचं झडपेचं म्हणणं मला पटलं.

किन्हवलीचा_पाहुणा

बोलू का थोडं? मी शहापूर तालुक्यातला, नोकरीला कळव्यात. तुम्ही सगळे पाणी जातं कुठे यावर बोलताय, येतं कुठून यावर कुणी बोललं नाही.

भातसा, तानसा, मोडकसागर ही सगळी धरणं आमच्या बाजूची. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. भातसाचं पाणी ठाण्यालाही येतं. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. माझी आत्या डोक्यावर हंडा घेऊन ज्या वाटेने जाते, तिथून मुंबईकडे जाणारी पाण्याची मोठी पाइपलाइन दिसते. त्या पाइपला गळती असेल तिथे बायका कपडे धुतात. लहानपणी मला वाटायचं ती पाइपच नदी आहे.

टाचणी ताईंनी न्हाणीघर म्हटलं ना, ते वाचून हे लिहावंसं वाटलं. शहापूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस ठाण्याच्या नळात येतो, मोरी-संडासातून खाडीत जातो, त्यावर शेवाळ वाढतं, ते तुमचे पक्षी खातात. आत्याच्या हंड्यात न आलेलं पाणी आहे ते. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, म्हणजे खालापूरकडचा पाऊस. तिकडेही धरणाशेजारी वाड्या आहेतच.

मला शहरावर दोष ठेवायचा नाही, मी पण त्याच नळाचं पाणी पितो. पण नळ उघडा ठेवून दात घासणारा माणूस दिसला की मला आत्या दिसते.

तळमजला

किन्हवलीकर, हे वाचून थांबलो. मी माझ्या दोन पोत्यांचं दुःख घेऊन बसलो होतो. ते कमी झालं नाही, पण पंगतीत आणखी माणसं दिसली.

निवांत_ऐरोली

टाचणी ताई, फ्लेमिंगोंबद्दलचं मान्य. पण एक मुद्दा धाग्याच्या विषयाला धरून आहे. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या आतल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात, ओहोटीला परत खाडीत चरायला जातात. म्हणजे त्यांचा दिवसही भरती-ओहोटीवर चालतो, झडपेसारखाच. आतल्या तलावांत भरतीचं पाणी येणं बंद झालं की तलाव सुकतो आणि पक्षी भलतीकडे भटकतात. मग काका, सगळीकडे झडपा घट्ट केल्या तर या पक्ष्यांचं काय?

जुना_ओव्हरसियर

चांगला प्रश्न. सगळे तलाव एका कामाचे नाहीत. वस्तीचं पावसाचं पाणी ज्यात उतरतं तो धारण तलाव, तिथे झडप घट्टच हवी. जी नैसर्गिक पाणथळ जागा आहे, जिथे पक्षी येतात, तिथे भरतीची वाट मोकळी हवी. आपण नेमकं उलटं करून ठेवतो. हवी तिथली वाट बुजवतो आणि नको तिथली झडप मोडू देतो. प्रत्येक तलावाचं काम आधी कागदावर लिहून काढा, मग यंत्र लावा.

गुलमोहोर_नेरुळ

शनिवार. बांधावर जाऊन आले.

तळमजला दादा पण आले होते, आमची तिथेच ओळख झाली. षष्ठीची भरती कधी हे दिवाळेकरीण ताईंना विचारलं, त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार, खाडीत आत थोडं उशिरा. साडेतीनला पोचलो.

तीन झडपा आहेत. दोन बंद होत्या, कडेने थोडं झिरपत होतं. तिसरी बिजागरीतून निखळून तिरकी लटकलीय आणि तिच्या फटीत एक जुनी गादी अडकलीय. कुणाच्या तरी घरातली, निळ्या पट्ट्यांची. त्या फटीतून पाणी धो-धो आत येत होतं, तपकिरी, दाट. दादांनी बाटली भरून घेतली. घरी खिडकीत ठेवली, रात्रीपर्यंत तळाला अर्धा बोट चिखल बसला.

आणि पाण्यावर तरंगत काय येत होतं सांगू? तिवराची बियाणं. पावट्याएवढी, चपटी, फिकट हिरवी. एक उचलून साल सोललं तर आत दोन जाड पानं घडी घालून बसलेली, मूळ फुटायच्या तयारीत. दर मिनिटाला पाच-सात बिया आत जात होत्या. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग दादा म्हणाले, "ही बी काय करणार? दार उघडं आहे म्हणून आली."

जुना_ओव्हरसियर

गादीचा फोटो नीट काढलास ना? झडपेचा, बिजागरीचा, बाटलीचा, वेळ दिसेल असा. सभेत बोलण्याआधी ते दाखव.

टाचणी

ती सोललेली बी टाकू नका. ओल्या मातीत रोवा, थोडं मिठाचं पाणी. सोमवारी मुलांना दाखवायला मला द्याल?

गुलमोहोर_नेरुळ

ठेवलीय बाजूला, तुमच्यासाठीच.

रविवार, रात्री. सभा दोन तास चालली. थोडी भांडणंही झाली, एका काकांनी "पक्षीवाले" म्हणून हिणवलं. मग दादांची बाटली टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली आणि पत्र पुन्हा लिहायला घेतलं. आता मागण्या अशा: आधी तिसरी झडप बदला आणि दोन दुरुस्त करा. नाल्याच्या तोंडापासून झडपेपर्यंतचा पट्टा गाळ काढून मोकळा करा, त्यासाठी जितकी तिवरं हलवावी लागतील तितकीच, रीतसर न्यायालयाची परवानगी घेऊन. खाडीकडच्या बाजूची झाडी तशीच ठेवा. राडारोडा टाकणाऱ्या गाड्यांवर रात्रीची गस्त. आणि उधाणाच्या रात्री झडपेवर एक माणूस. ही शेवटची मागणी दिवाळेकरीण ताईंमुळे आली. परवानगीला वेळ लागेल हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तोवर तळमजल्याच्या चार घरांच्या उंबऱ्याला फळ्या आणि एक पंप, खर्च ६४ घरांत वाटून.

त्या पत्रावर मी सही केली. ५८ वी.

तळमजला

आमच्या सोसायटीतही हेच पत्र फिरवतोय. आजवर ३० सह्या. पंपाचा खर्च वाटून घ्यायची कल्पना मात्र मला सुचली नसती, आमच्याकडे चौघांनीच भरला.

पारसिकपार

राडारोड्याच्या गस्तीत मला धरा. शुक्रवार-शनिवार रात्री मोकळा असतो.

दिवाळेकरीण

बरं वाटलं गं बाय. नारळी पौर्णिमेला जेट्टीवर या सगळे. पाऊणपटीने सव्वाअकरा, आपल्याकडे बाराच्या आसपास भरती. सोन्याचा नारळ निघतो, बायका गाणी म्हणतात. गाड्या लांब लावा, वाट अरुंद आहे.

गुलमोहोर_नेरुळ

नक्की येऊ. तळमजल्याच्या आजींना धागा वाचून दाखवला. त्या विचारतायत, व्हीलचेअर जेट्टीपर्यंत जाते का?

दिवाळेकरीण

जाते. शेवटी चार पायऱ्या आहेत, तिथे आमची पोरं उचलतील. आजींना म्हणावं, दर्यात सोडायला एक नारळ घेऊन या.